सीपॅप मशीन घरी आल्यानंतरची वर्षे

झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचे, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाचे, निदान आता बेळगाव भागात पूर्वीइतके दुर्मीळ राहिलेले नाही. खानापूरचा रुग्ण बेळगावला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, अथणी-रायबागचा मिरजेला. तिथे एक रात्र अंगाला तारा लावून झोपतो किंवा छोटे यंत्र घरी आणून बोटाला आणि नाकाला लावून झोपतो, आणि काही दिवसांत अहवाल हातात पडतो. डॉक्टर सीपॅप मशीन वापरायला सांगतात, विक्रेता घरी येऊन मास्क लावून दाखवतो, आणि सगळ्यांना वाटते की आजाराचा बंदोबस्त झाला. इथपर्यंतची माहिती कुठेही मिळते. मशीन घरी आल्यानंतरच्या पाच, दहा, पंधरा वर्षांत काय पाहायचे, कशाची काळजी करायची आणि कशाची करायची नाही, याविषयी मात्र रुग्णाला फारसे कोणी सांगत नाही. हा लेख त्या वर्षांविषयी आहे.

आधी यंत्राचे काम थोडक्यात समजून घेऊ. झोप लागली की अंगातले स्नायू सैल पडतात, तसेच घशातलेही. ज्यांचा घसा मुळात अरुंद असतो, मग तो मानेभोवतीच्या चरबीमुळे असो, मागे गेलेल्या हनुवटीमुळे असो किंवा वाढलेल्या टॉन्सिलमुळे, त्यांच्या घशाची वाट श्वास आत ओढताना मिटते. विहिरीवरच्या मोटरीला ओढीच्या बाजूने कडक पाइपच लावावा लागतो. तिथे मऊ पाइप लावला तर मोटर सुरू होताच तो आत चिमटतो आणि पाणी बंद होते. झोपेतला घसा हा असा मऊ पाइप आहे. सीपॅप मशीन खोलीतलीच हवा किंचित दाबाने नाकातून आत सोडते, आणि आतून आलेल्या या दाबामुळे वाट उघडी राहते. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि बहुतेक मशीन ४ ते २० या पट्ट्यात चालतात. मशीनमध्ये ऑक्सिजन भरलेला असतो, किंवा त्याची फुप्फुसांना सवय लागते, असे पुष्कळांना वाटते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबला, अथवा इतका उथळ झाला की रक्तातला ऑक्सिजन उतरला किंवा झोप चाळवली, तर ती एक घटना धरतात. तासाला सरासरी अशा किती घटना झाल्या तो आकडा म्हणजे एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, अशी वर्गवारी जगभर वापरली जाते. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकातून दाबाची हवा देण्याचा उपाय जगापुढे मांडला. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला छिद्र पाडून तिथून श्वास घेण्याची सोय करणे. मास्कचा कंटाळा आलेल्याने ही गोष्ट एकदा तरी आठवावी.

आता मुख्य मुद्दा. सीपॅप हा आजार बरा करत नाही. ज्या रात्री मास्क लावला त्या रात्रीपुरता तो आजाराला थोपवतो. वर्षानुवर्षे वापरले म्हणून घशाचे स्नायू कडक होत नाहीत आणि वाट रुंद होत नाही. मशीन थांबवले की घटना बहुधा त्याच रात्री परत सुरू होतात. स्वित्झर्लंडमधील झ्युरिक येथे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचार व्यवस्थित चालू असलेल्या काही रुग्णांचा सीपॅप मुद्दाम दोन आठवडे थांबवण्यात आला. तेवढ्यात त्यांचा आजार परतला आणि सकाळचा वरचा रक्तदाब सरासरीने सुमारे ८ अंकांनी वाढला. “आता बरे वाटते आहे, थोडे दिवस बंद ठेवून बघू,” असा विचार उपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हमखास मनात येतो. बरे वाटते आहे ते मशीनमुळे, हे तेव्हा लक्षात राहत नाही.

किती तास लावावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना “चार तास” असे मिळालेले असते. हा आकडा मुख्यतः अमेरिकेतल्या विमा व्यवस्थेतून आला आहे. रात्री निदान चार तास आणि दहांपैकी सात रात्री वापर झाला, तर रुग्ण मशीन वापरतो असे मानून पैसे द्यायचे, हा त्यामागचा हिशेब होता. शरीराला चार तास पुरतात असा त्याचा अर्थ नाही. जेवढी झोप तेवढा मास्क, हाच वैद्यकीय सल्ला आहे आणि दुपारची वामकुक्षीही त्यात आली.

इथे एक सवय विशेष घात करते. पहाटे तीन-चारला लघवीला उठायचे, मास्क काढायचा आणि परत आल्यावर “आता राहिले किती, दोन-तीन तास तर आहेत,” म्हणून तसेच आडवे व्हायचे. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात सर्वांत जास्त असते, आणि त्याच झोपेत स्नायू सर्वाधिक सैल पडत असल्यामुळे बहुतेकांचा श्वास तेव्हाच जास्त वेळ अडकतो. म्हणजे ज्या तासांना मशीनची गरज सर्वाधिक, नेमके तेच तास सुटतात. एका ओळखीच्या घरी पहाटे स्वयंपाकघरातून मावशींचा आवाज येतो, “अवो, परत मशीन लावलासा काय?” आणि आतून हुंकार येतो, जो बहुतेक वेळा खोटा असतो. उपचाराच्या सुरुवातीलाच घरच्यांना हे पहाटेचे गणित सांगितले, तर तो हुंकार पकडला जाण्याची शक्यता वाढते.

मशीनच्या पडद्यावर किंवा मोबाइलच्या अ‍ॅपवर सकाळी तीन आकडे दिसतात. किती तास वापर झाला, उरलेला एएचआय किती, आणि मास्कमधून हवेची गळती किती. उरलेला एएचआय ५ च्या आत असावा, असे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. पण हा आकडा प्रयोगशाळेतल्या अहवालासारखा नसतो, हे ध्यानात ठेवावे. मशीन फक्त हवेच्या प्रवाहावरून अंदाज बांधते. तुम्ही खरोखर झोपला होता की जागे पडून होता हे त्याला कळत नाही आणि रक्तातला ऑक्सिजनही बहुतेक मशीन मोजत नाहीत. गळती जास्त असली की हा अंदाजही डळमळतो. म्हणून एका रात्रीचा आकडा ८ आला म्हणून घाबरू नये, आणि रोज १.५ येतो म्हणून दिवसा झोप अनावर होत असतानाही निश्चिंत राहू नये. महिन्याची सरासरी बघावी आणि तीही गळतीच्या आकड्याबरोबर.

काही रुग्णांमध्ये मशीन सुरू केल्यावर निराळ्याच प्रकारचे श्वास थांबणे दिसू लागते. त्यात घसा उघडा असतो, पण मेंदूकडून श्वास घेण्याचा आदेशच क्षणभर येत नाही. बहुतेकांत हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप कमी होते. ज्यांचे हृदय कमजोर आहे किंवा जे अफूजन्य वेदनाशामके घेतात, त्यांच्यात ते टिकून राहू शकते आणि मग मशीनचा प्रकार बदलायचा की नाही, हे तज्ज्ञालाच ठरवावे लागते.

आपल्याकडचा कच्चा दुवा माझ्या मते इथे आहे. मशीन दिल्यानंतर रुग्णाचा संबंध डॉक्टरांशी कमी आणि विक्रेत्याशी जास्त उरतो. विक्रेता मास्क बदलून देईल, फिल्टर देईल, क्वचित दाबही बदलून देईल. पण रक्तदाबाची गोळी, वाढलेले वजन, थायरॉइड आणि मशीनवरचा आकडा हे सगळे एकत्र पाहणे हे त्याचे काम नाही. वर्षातून एकदा तरी छातीविकारतज्ज्ञाकडे किंवा झोपेच्या आजारांची माहिती असलेल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे मशीनचा अहवाल घेऊन जावे. मशीनमध्ये मेमरी कार्ड असेल तर ते काढून पाकिटात ठेवले तरी पुरते, अख्खे मशीन बसमधून नेण्याची गरज पडत नाही.

मास्क, पाणी आणि पावसाळा

दीर्घकाळच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा मशीनच्या नसून मास्कच्या असतात. नाकाच्या दांड्यावर वळ उठणे, सकाळी डोळे लाल होणे, तोंड लाकडासारखे कोरडे पडणे, पोटात हवा जाऊन ढेकर येणे, या त्या तक्रारी. वळ उठला की माणूस पट्टा आणखी घट्ट करतो, कारण त्याला गळतीची भीती वाटते. प्रत्यक्षात घट्ट पट्ट्याने सिलिकॉनची कडा दुमडते आणि गळती वाढते. मास्क आडवे पडून, मशीन चालू ठेवून, दाब असतानाच बसवावा. सिलिकॉनची गादी रोज सकाळी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावी, कारण रात्रभर चेहऱ्याचे तेल तिला लागलेले असते. नीट पाहिले तर जुनी गादी पिवळसर आणि किंचित चिकट झालेली दिसते, कडेला बोट फिरवले तर ती उठून बसत नाही. असे झाले की ती कितीही धुतली तरी उपयोग नसतो आणि बदलावीच लागते. तोंड उघडे पडत असेल तर नाक-तोंड झाकणारा मास्क घेण्याआधी नाक चोंदलेले आहे का, ते तपासून घ्यावे. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत वर्षे काढलेल्या आणि तपकीर ओढणाऱ्या माणसांची नाके आतून कायम सुजलेली असण्याची शक्यता असते. अशा नाकातून सीपॅप नीट चालत नाही, आणि दोष मात्र मशीनला दिला जातो.

ह्युमिडिफायरच्या, म्हणजे मशीनमधली हवा ओलसर करणाऱ्या भागाच्या, टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालावे, असे पुस्तिकेत लिहिलेले असते. गॅरेजमध्ये मिळणारे बॅटरीचे पाणी म्हणजे तेच, असे समजून ते घालणारे लोक आहेत. ते घालू नये; ते श्वासात जाण्यासाठी बनवलेले नसते आणि कुठल्या कॅनमधून कुठल्या कॅनमध्ये ओतले गेले आहे याची खात्री नसते. औषधाच्या दुकानातले डिस्टिल्ड वॉटर मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर उकळून गार केलेले पाणी काही दिवस चालते. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. त्यामुळे बोअरचे जड पाणी ज्या गावांत आहे तिथे टाकीच्या तळाला पांढरा थर लवकर धरतो. एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाणी घालून ठेवले की तो सुटतो. रोजचे उरलेले पाणी मात्र रोज ओतून टाकावे, आज घातलेल्या पाण्यात उद्या भर घालू नये.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूला पावसाळ्यात वेगळाच प्रश्न उभा राहतो. तिथे हवेतच इतका ओलावा असतो की ह्युमिडिफायर कमी ठेवला किंवा बंद केला तरी चालतो. चालू ठेवला तर पहाटेच्या गारव्यात नळीच्या आत पाणी जमते, गुडगुड आवाज येतो आणि कधी नाकावर थेंब पडून झोपमोड होते. नळी पांघरुणाच्या आतून घ्यावी, मशीन गादीच्या पातळीपेक्षा खाली ठेवावे आणि टाकीची उष्णता एका अंकाने कमी करावी, एवढ्याने बहुधा भागते. धुतलेली नळी जुलै-ऑगस्टमध्ये दिवसभरात वाळत नाही. तेव्हा ती मशीनला जोडून टाकीशिवाय थोडा वेळ नुसती हवा सोडली की आतून कोरडी होते. कडक उन्हात टाकू नये, प्लॅस्टिक ठिसूळ होते.

उलट चिकोडी-रायबाग पट्ट्यात ऊसतोडीनंतर पाला पेटवला जातो त्या दिवसांत फिल्टर पाहण्यासारखा असतो. पांढरा घातलेला फिल्टर थोड्याच दिवसांत राखाडी, मधोमध जवळजवळ काळा होतो. पुस्तिकेतला महिन्याचा हिशेब अशा हंगामात पाळू नये, रंग पाहून फिल्टर बदलावा.

विजेचा प्रश्न सगळ्यांनाच आहे. हेस्कॉमची वीज रात्री गेली आणि मास्क तोंडावर असला तरी गुदमरण्याची भीती नसते, कारण प्रत्येक मास्कला उच्छ्वास बाहेर पडण्याची छिद्रे असतात आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला हवा बंद पडताच उघडणारी झडप असते. तरीही जाग आल्यावर मास्क काढावाच. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालते. सर्वाधिक वीज पाणी आणि नळी तापवण्यात जाते, म्हणून ते बंद केले तर तीच बॅटरी पुष्कळ जास्त वेळ पुरते. पंढरीच्या वारीला किंवा सौंदत्तीच्या यात्रेला जाणाऱ्यांना मुक्कामी प्लग मिळेलच असे नसते. अशा वेळी छोटी बॅटरी सोबत नसेल तर कुशीवर झोपणे, डोके-छाती थोडी उंच ठेवणे आणि झोपेची गोळी किंवा दारू न घेणे, एवढे तरी पाळावे. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. गोवा दीड-दोन तासांवर असणे हा त्या दृष्टीने या भागाचा एक वैद्यकीय दोषच म्हणायला हवा.

मशीनमधल्या फोमची भीती

जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली अनेक सीपॅप, बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारी मशीन) आणि काही व्हेंटिलेटर परत मागवले. मोटरीचा आवाज कमी करण्यासाठी आत घातलेला पॉलियुरेथेनचा स्पंजसारखा फोम काही मशीनमध्ये झिजून त्याचे काळे कण किंवा वायू श्वासात जाऊ शकतात, असे कारण देण्यात आले. उष्ण-दमट हवा आणि ओझोन वायूने मशीन स्वच्छ करण्याची साधने यांनी झीज वाढते, असेही सांगण्यात आले. ती बातमी अजूनही मोबाइलवर फिरत असते आणि “सीपॅपमुळे कॅन्सर होतो” इतकी आखूड होऊन पोचते.

यातले खरे किती? परत मागवणे खरे आहे आणि ते गंभीर होते. २०२४ मध्ये अमेरिकेत न्यायालयीन करारानंतर कंपनीच्या नव्या मशीनची तिथली विक्रीही थांबली. दुसऱ्या बाजूला, कॅनडा आणि स्वीडनमधील रुग्णनोंदींवरून झालेल्या अभ्यासांत या कंपनीची मशीन वापरणाऱ्यांत इतर कंपन्यांच्या मशीनपेक्षा जास्त कर्करोग आढळला नाही. कर्करोगाला वर्षे लागतात, त्यामुळे अशा अभ्यासांना शेवटचा शब्द मानता येत नाही. पण घाबरून मशीन बंद करण्याला त्यातून आधार मिळत नाही, आणि तीव्र आजार उपचाराविना ठेवण्याचा धोका मात्र रोजचा आहे. ज्यांच्याकडे २०२१ किंवा त्याआधीचे त्या कंपनीचे मशीन आहे, त्यांनी मागचा अनुक्रमांक पाहून ते यादीत येते का हे कंपनीकडे तपासावे आणि डॉक्टरांना विचारून ते बदलावे. जुने मशीन विकत घेणाऱ्यांना हे दुप्पट लागू होते, कारण नवे मशीन तीस-चाळीस हजारांच्या पुढे जाते म्हणून ओळखीतून वापरलेले मशीन घेण्याची पद्धत आपल्याकडे बरीच आहे. मोटरीचे आयुष्यही साधारण पाच वर्षांचे धरतात. मराठा लाइट इन्फंट्रीमुळे या भागात निवृत्त सैनिकांची घरे पुष्कळ आहेत. त्यांनी जुन्या मशीनच्या भानगडीत पडण्याआधी ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, तज्ज्ञाच्या शिफारशीवर मशीन मिळण्याची चौकशी करावी. खासगी आरोग्य विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत मशीनची किंमत मिळत नाही, हे आधीच वाचून घेतलेले बरे.

हृदय, वजन आणि न जाणारी झोप

स्लीप अ‍ॅप्निया असलेल्यांत उच्च रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात आणि मधुमेह जास्त आढळतात, हे पक्के आहे. मग सीपॅप लावला की हे सगळे टळते का, या प्रश्नाचे उत्तर तितके पक्के नाही, आणि ते रुग्णापासून लपवण्यात अर्थ नाही. आधीच हृदयविकार किंवा मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७१७ रुग्णांवर, भारतासह सात देशांत झालेली एक मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. सीपॅप दिलेल्यांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. दिवसाची झोप, मनःस्थिती आणि जगण्याचा दर्जा मात्र सुधारला. या चाचणीत रुग्णांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावले होते आणि ज्यांना दिवसा फार झोप येते त्यांना चाचणीतून वगळलेले होते. त्यामुळे पूर्ण रात्र लावणाऱ्याला काय फायदा होतो, हे तिच्यातून ठरत नाही. पण “मशीन आहे ना,” म्हणून रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची किंवा साखरेची गोळी सोडणाऱ्यांना ती पुरेसा इशारा देते. रक्तदाब सीपॅपने सरासरीने दोन-तीन अंकच उतरतो. तीन-तीन गोळ्यांनीही न बधणारा रक्तदाब असेल तर थोडा जास्त.

वजनाबाबत एक उलटी गोष्ट सांगायला हवी. झोप सुधारली, उत्साह आला, म्हणजे वजन आपोआप उतरेल अशी अपेक्षा असते. अभ्यासांत मात्र सीपॅप सुरू केलेल्यांचे वजन सरासरीने किंचित वाढलेले आढळले आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार वजन दहा टक्क्यांनी वाढले तर एएचआय सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतो आणि दहा टक्क्यांनी उतरले तर सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतो. म्हणून वजनात मोठा फरक पडला, कोणत्याही दिशेने, की दाब पुन्हा तपासून घ्यावा. ऑटो मशीन दाब स्वतः जुळवून घेते, पण ठरवून दिलेल्या मर्यादेतच.

रोज सहा-सात तास मशीन लावूनही दिवसा झोप जात नाही, अशी तक्रार काही रुग्णांत राहतेच. तिथे लगेच दाब वाढवत बसू नये. मुळात झोपच पाच तासांची आहे का, साखर कारखान्यातल्या पाळ्यांमुळे झोपेचे वेळापत्रक दर आठवड्याला बदलते का, थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य, पायांची अस्वस्थता किंवा झोप आणणारे एखादे औषध, यांपैकी काय आहे, ते क्रमाने पाहावे लागते. दिवसाची झोप किती आहे हे मोजायला आठ प्रश्नांची एपवर्थ मोजपट्टी सोपी आहे. २४ पैकी १० च्या वर गुण म्हणजे झोप प्रमाणाबाहेर. पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणी ते बेळगाव आणि पुढे रात्री ट्रक किंवा बस चालवणाऱ्यांसाठी हा आकडा नोकरीइतकाच महत्त्वाचा आहे. मशीन एक-दोन रात्री सुटले असेल तर त्या दिवशी रात्रीची फेरी घेऊ नये, इतके स्पष्ट बोलणारा डॉक्टर चालकांना भेटायला हवा.

स्त्रियांचा उल्लेख वेगळा करावा लागतो, कारण त्यांच्यात हा आजार उशिरा ओळखला जातो. पाळी गेल्यानंतर त्याचे प्रमाण वाढते, पण त्या घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहीत. थकवा, सकाळची डोकेदुखी, झोप न लागणे अशी लक्षणे सांगतात आणि अनेकदा टॉनिक किंवा झोपेची गोळी घेऊन परत जातात. मशीन मिळाल्यावरही पाहुणे आले, लग्नघरी झोपायची वेळ आली, की मास्क लाजेने पिशवीतच राहतो.

मशीन मुळीच सोसत नसेल तर इतर मार्ग आहेत. सौम्य ते मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारे दातांचे साधन चालते. मोठे टॉन्सिल किंवा वाकडे नाक असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. टिर्झेपटाइड या आठवड्याला एकदा टोचायच्या औषधाला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासोबतच्या मध्यम-तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली. चाचण्यांत वर्षभरात तासाला सरासरी २५ ते २९ घटना कमी झाल्या, ही मोठी घट आहे. हे औषध मार्च २०२५ पासून भारतात मिळते, महाग आहे, आणि त्याच्या जोरावर मशीन स्वतःच्या मनाने बंद करू नये. झोपेची तपासणी पुन्हा करून मगच तो निर्णय घ्यावा.

दवाखान्यात दाखल होण्याच्या वेळेचे काही नियम आहेत. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, मग ती गुडघ्याची असो वा हर्नियाची, भूलतज्ज्ञाला स्लीप अ‍ॅप्नियाबद्दल आधी सांगावे आणि मशीन सोबत न्यावे. भूल उतरताना आणि त्यानंतरच्या रात्री तीव्र वेदनाशामकांमुळे श्वास जास्त अडकतो, आणि तेव्हा स्वतःचा मास्क जवळ असणे मोलाचे ठरते. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले दुसरे विजेवरचे उपकरण असलेल्यांनी मास्कच्या पट्ट्याला चुंबकाची बटणे आहेत का ते पाहावे. असे चुंबक उपकरणापासून किमान १५ सेंटिमीटर दूर राहावेत, अशी सूचना उत्पादकांनी दिलेली आहे. चुंबक नसलेले मास्क मिळतात. ज्याच्या शेजारी आपण झोपतो त्या व्यक्तीला पेसमेकर असेल तरी हाच नियम लागू होतो.

सीमाभागात एक गोष्ट जास्तीची करावी. अचानक काही झाले तर रुग्णाला बेळगावला नेतील, कोल्हापूरला, मिरजेला की गोव्याच्या बांबोळीला, हे त्या वेळची गाडी आणि रस्ता ठरवतो, आणि तिथला कर्मचारी मराठी, कन्नड की कोकणी बोलेल हेही. म्हणून मशीनच्या पिशवीत इंग्रजीत लिहिलेला एक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कायम ठेवावा. निदानाच्या वेळचा एएचआय आणि तारीख, मशीनचे नाव आणि प्रकार, ठरवलेला दाब किंवा दाबाची मर्यादा, मास्कचा प्रकार आणि माप, चालू औषधे, कशाची अ‍ॅलर्जी, आणि घरच्या दोघांचे फोन नंबर त्यावर असावेत. दाब बदलला की जुना कागद फाडून नवा ठेवावा, आणि त्याचा एक फोटो मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाइलमध्येही असावा.